जॅक्सन होलचं बुकिंग थांबवा: आठ मित्रांच्या स्की ट्रिपबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंजिनिअरिंगच्या वर्गातले आठ मित्र, सगळे चाळिशीच्या आसपासचे. पाच जण न्यू जर्सी आणि डॅलसमध्ये, एक टोरांटोत, दोघे खास पुण्याहून येणार. एकाला उत्तम स्कीइंग येतं. तिघे पेन्सिल्वेनियातल्या पोकोनोजमध्ये दोन-चारदा जाऊन आलेत. उरलेल्या चौघांनी स्की कधी पायात घातलेली नाही. फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा लाँग वीकेंड, एकूण चार दिवस. ‘वायोमिंगमधलं जॅक्सन होल हे स्की रिसॉर्ट जवळजवळ नक्की केलंय, व्हिडिओ बघून सगळ्यांना वेड लागलंय. बरोबर चाललंय ना?’

माझ्या मते नाही. पण आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी डेन्व्हरजवळ राहतो. सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर, आणि डिसेंबर ते एप्रिल शनिवार-रविवार एका रिसॉर्टच्या स्की स्कूलमध्ये शिकवतो. हा माझा बारावा सीझन. प्रोफेशनल स्की इन्स्ट्रक्टर्स ऑफ अमेरिका या संघटनेची लेव्हल टू परीक्षा पास आहे. मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे एकोणतिसाव्या वर्षापर्यंत बर्फ ही उसाच्या रसात टाकायची वस्तू होती. माझे बहुतेक विद्यार्थी तुमच्या त्या चौघांसारखेच असतात, धडधाकट पण कोरी पाटी.

तुम्ही विचारताय कोणता डोंगर. खरी अडचण अशी आहे की हे आठ जण एकत्र स्कीइंग करूच शकणार नाहीत. चार दिवसांतले जेमतेम दोन-तीन तास तुम्ही एका उतारावर असाल. बाकी वेळ तीन वेगळे गट, तीन वेगळ्या लिफ्टवर, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या तारेवरच्या खुर्च्यांवर. तेव्हा डोंगर असा हवा की गट वेगळे झाले तरी जेवायला आणि संध्याकाळी सहज एकत्र येता येईल, आणि नवख्यांचे चार दिवस हाल होणार नाहीत. ज्याला चांगलं येतं तो कुठेही मजेत राहतो. ट्रिप बिघडते ती नवख्यांची, आणि ते बिघडले की संध्याकाळी कॉन्डोत (भाड्याच्या फ्लॅटमध्ये) सगळ्यांचीच बिघडते.

जॅक्सन होल अप्रतिम आहे, यात वाद नाही. पायथ्यापासून माथ्यापर्यंत ४,१३९ फुटांची उंची, तारेवरून वर जाणारी मोठी लाल ट्राम, तुम्ही व्हिडिओत पाहिलेली ती कॉर्बेट्स कुलुआर या अरुंद घळीतली कड्यावरून उडी. पण डोंगराचा निम्मा भाग तज्ज्ञांसाठी आणि जेमतेम दहावा हिस्सा नवख्यांसाठी, हे ते रिसॉर्ट स्वतःच सांगतं. नवख्यांसाठी पायथ्याशी जागा आहे, चांगली आहे, पण त्या चौघांना चार दिवस तीच ती पायथ्याची जागा बघावी लागेल आणि मान वर करून बाकीचा डोंगर. शिवाय पोकोनोजवाले तिघेही तिथे अडकतील, त्याचं कारण रंगांमध्ये आहे.

ग्रीन (सोपा उतार), ब्लू (मध्यम), ब्लॅक (अवघड) हे रंग त्या त्या डोंगरापुरते असतात. कुठली मध्यवर्ती संस्था उतार मोजून रंग देत नाही. प्रत्येक रिसॉर्ट आपल्याच इतर उतारांशी तुलना करून ठरवतं. त्यामुळे पोकोनोजमधला ब्लॅक इकडे पश्चिमेत बऱ्याचदा साधा ब्लू निघतो, आणि जॅक्सनमधला ब्लू दुसरीकडे ब्लॅक म्हणून खपला असता. दुसरं म्हणजे लांबी. पोकोनोजमध्ये वरपासून खालपर्यंत सुमारे ८०० फूट उतरायचं, दोन-तीन मिनिटांत खेळ खलास, मग लिफ्टवर बसून आराम. इकडे काही उतार तीन-साडेतीन मैलांचे असतात. ‘आम्ही ब्लू करतो’ असं सांगणारे लोक अर्ध्या वाटेत मांड्या धरून उभे राहिलेले मी दर शनिवारी बघतो.

माझं स्वतःचंच पाप सांगतो. तिसऱ्या सीझनला, अंगात जरा मस्ती असताना, तीन कॉलेजमित्रांना पहिल्याच दिवशी दुपारी वरच्या लिफ्टने घेऊन गेलो. सकाळी त्यांना थांबता येत होतं, म्हणून मला वाटलं जमेल. तिघांपैकी एकाचे पाय मधेच संपले. तीन वाजता सावली पडली, बर्फ कडक झाला, तो खाली बसला आणि उठेना. शेवटी स्की पेट्रोलने, म्हणजे डोंगरावरच्या बचावपथकाने, स्लेजवर घालून, ताडपत्रीत गुंडाळून खाली आणला. दुखापत काहीच नव्हती. पण पुढचे दोन दिवस तो कॉन्डोत बसून क्रिकेट बघत होता आणि आजतागायत त्याने स्की पायात घातलेली नाही. चूक सगळी माझी.

आता सल्ला. मी कोलोरॅडोत राहतो, इथेच शिकवतो, तरी तुम्हाला युटातल्या पार्क सिटीला जा असं सांगेन.

पहिलं कारण वेळ. सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळापासून पार्क सिटी साधारण चाळीस मिनिटांवर आहे. चार दिवसांच्या ट्रिपमध्ये प्रवासात गेलेला अर्धा दिवस फार महाग पडतो. पुण्याहून येणारे दोघे आधीच दीड दिवस विमानात आणि विमानतळांवर काढून येणार, त्यांना आणखी तीन तास गाडीत बसवू नका. दुसरं, ते खरंखुरं गाव आहे. जुनं, खाणकामगारांचं. मेन स्ट्रीटवरूनच एक लिफ्ट वर जाते. ज्याला तिसऱ्या दिवशी कंटाळा आला त्याला फिरायला, खायला, बसायला जागा आहे, आणि आठ जणांत असा एक जण निघतोच. तिसरं, डोंगर अवाढव्य आहे. २०१५ मध्ये शेजारचं कॅनियन्स रिसॉर्ट त्याला जोडलं, तेव्हापासून एकूण ७,३०० एकर. होम रन नावाचा साडेतीन मैलांचा ग्रीन उतार बराच वरून सुरू होऊन थेट गावापर्यंत येतो. हे फार महत्त्वाचं आहे. नवखा माणूस तिसऱ्या दिवशी वर जाऊन, डोंगर बघून, आपल्या पायांनी खाली येऊ शकतो, आणि पुढे आयुष्यभर तोच दिवस सांगत बसतो. तुमच्या पट्टीच्या मित्राला ज्युपिटर आणि मॅकॉन्कीज हे वरचे बाऊल, म्हणजे वाडग्यासारखे मोकळे उतार आहेत. एक दिवस त्याला मोकळा सोडा आणि शेजारच्या लिटल कॉटनवुड खोऱ्यात स्नोबर्ड किंवा आल्टाला जाऊ द्या. मात्र तो स्नोबोर्डवाला असेल तर आल्टा नाही, तिथे अजूनही फक्त स्की चालतात. पार्क सिटीला लागूनच असलेल्या डिअर व्हॅलीलाही तोच नियम.

चौथं कारण उंची, आणि याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मित्रमंडळींच्या ट्रिपमध्ये हा विषय कुणी काढत नाही.

कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट. डेन्व्हर शहर ५,२८० फूट. म्हणजे डेन्व्हरला उतरलात की महाराष्ट्राच्या माथ्याइतक्या उंचीवर आलातच. तिथून पुढे कोलोरॅडोतलंच ब्रेकेनरिज हे स्कीचं गाव ९,६०० फुटांवर, आणि त्याच्या सगळ्यात उंच लिफ्टचं वरचं टोक १२,८४० फुटांवर. ब्रेकेनरिजच्या बाजारपेठेत उभं राहिलं तरी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असतो. डॅलस किंवा न्यू जर्सीहून थेट तिथे जाऊन झोपलात तर निदान एक-दोघांचं डोकं रात्री ठणकणार, मळमळणार, झोप लागणार नाही. फिटनेसचा याच्याशी फारसा संबंध नाही. मॅरेथॉन धावणारे आडवे झालेले आणि पोट सुटलेले मजेत फिरणारे मी पाहिलेत. पार्क सिटी सुमारे ७,००० फुटांवर आहे. त्रास तिथेही होऊ शकतो, पण साधारण ८,००० फुटांच्या वर झोपायला गेल्यावर त्याचं प्रमाण वाढतं, आणि तुम्ही त्या रेषेच्या खाली झोपाल.

कुठेही गेलात तरी पहिल्या रात्री दारू नको. हे सांगितल्यावर लोक माझ्याकडे आजोबांकडे बघावं तसं बघतात. पण उंचीवरची पहिली रात्र, दोन पेग आणि वर कॉन्डोचा हॉट टब, हे त्रिकूट दुसऱ्या दिवसाचा बोऱ्या वाजवतं. दुसऱ्या रात्री काय ते करा. पूर्वी उंचीवर त्रास झालेला कुणी असेल तर त्याने निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल विचारावं, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगावं. शांत बसूनही धाप कमी होत नाही, खोकला थांबत नाही, चालताना तोल जातोय किंवा माणूस असंबद्ध बोलतोय असं दिसलं तर मात्र सकाळची वाट बघायची नाही. तसंच खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा.

आता हे सगळं कशावर अवलंबून आहे ते. कुणाकडे आधीच आयकॉन पास (अनेक रिसॉर्टमध्ये चालणारा एकच पास) असेल तर गणित बदलतं, कारण पार्क सिटी एपिक या दुसऱ्या तशाच पासात येतं. एपिक हा व्हेल कंपनीचा, २००८ पासून आहे. आयकॉन २०१८ मध्ये आला. आयकॉनवाले जास्त असतील तर कोलोरॅडोतलं विंटर पार्क बघा. हिवाळ्यात शनिवार-रविवारी डेन्व्हरच्या युनियन स्टेशनवरून आगगाडी मॉफॅट बोगद्यातून थेट लिफ्टच्या पायथ्याशी आणून सोडते, आणि खंडाळ्याचा घाट गाडीने चढलेल्या माणसाला तो प्रवासच निम्मी ट्रिप वाटतो. दुसरी शक्यता, डेन्व्हरमध्ये कुणाचं घर असेल आणि राहण्याचा खर्च वाचत असेल. मग कोलोरॅडोतलंच कीस्टोन घ्या. तिथला स्कूलमार्म हा ग्रीन उतार माथ्यावरून सुरू होतो आणि तीन मैलांहून लांब आहे, तुमच्या चौघांसाठी अगदी योग्य. तिसरी गोष्ट बर्फ. पार्क सिटी कमी उंचीवर, त्यामुळे उबदार हिवाळ्यात पायथ्याचा बर्फ दुपारी ओला आणि सकाळी काचेसारखा होतो. असं वर्ष लागलं तर कोलोरॅडो बरं. पण ते ऑक्टोबरमध्ये कुणालाच कळत नाही, आणि बुकिंग तेव्हाच करावं लागतं.

कोलोरॅडोतल्या व्हेल या रिसॉर्टचं नाव तुम्ही घेतलं नाहीत, पण कुणीतरी घेणारच. ५,३१७ एकर, मागचे बाऊल म्हणजे मोकळं आभाळ. पोकोनोजवाल्या तिघांनी दोन-तीन सीझन केले असते तर मी व्हेलच म्हटलं असतं. या वेळी नको.

तारीख मात्र बदला. प्रेसिडेंट्स डे म्हणजे फेब्रुवारीतला तिसरा सोमवार. ख्रिसमसचा आठवडा, जानेवारीतला मार्टिन लूथर किंग डे आणि हा, या तीन वेळी डोंगरावर पंढरीची वारी असते, फक्त शिस्त नसते. लिफ्टला रांग, जेवायला रांग, बूट भाड्याने घ्यायला रांग. नवख्यांच्या उतारावर तर इतकी दाटी की शिकणारा माणूस उताराला कमी आणि आजूबाजूच्या लोकांना जास्त घाबरतो. चार दिवस सुट्टी टाकून मंगळवार ते शुक्रवार करता आलं तर उत्तम. नाहीतर मार्चचा पहिला आठवडा बघा. डोंगरात मार्चमध्येही चांगला बर्फ पडतो, दिवस मोठा असतो, थंडी सुसह्य असते. पुण्याहून येणाऱ्यांना उणे वीस आणि उणे पाच यातला फरक बोटांच्या टोकांना कळतो.

पैशांबद्दल एकच गोष्ट नीट लक्षात ठेवा: तिकीट खिडकीवर घ्यायचं नाही. मोठ्या रिसॉर्टमध्ये ऐन हंगामात एका दिवसाचं तिकीट ३०० डॉलरच्या वर जातं. तेच दिवस मोजून, म्हणजे चार दिवसांचे, आगाऊ पास म्हणून घेतले तर बरेच स्वस्त पडतात. पण ही विक्री साधारण डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होते. जानेवारीत जागे होणारे लोक दुप्पट पैसे मोजतात. दिवाळीत फराळ करता करता सगळ्यांकडून पैसे गोळा करा आणि पास घेऊन टाका. नवख्यांनी मात्र पहिल्या दिवसासाठी आधी स्की स्कूलला फोन करून विचारावं. काही ठिकाणी पहिल्या धड्यात सुरुवातीच्या लिफ्टचं तिकीट धरलेलं असतं.

धडा घ्यायचाच का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या पोस्टमध्ये ‘आमचा मित्र सगळ्यांना शिकवेल’ असं एक वाक्य आहे. ते वाक्य काढून टाका. नवऱ्याने बायकोला गाडी शिकवण्याचा प्रसंग आठवा. ज्याला चांगलं येतं त्याला आपण पहिल्या दिवशी काय केलं होतं ते आठवत नाही. तो सांगतो ‘असं वळ’, आणि समोरच्याला अजून उभं राहता येत नसतं. वर त्याचा स्वतःचा दिवस फुकट जातो तो वेगळाच.

त्यापेक्षा चौघांनी मिळून एक खासगी इन्स्ट्रक्टर घ्या. बऱ्याच मोठ्या रिसॉर्टमध्ये खासगी धड्याचे पैसे माणशी नसून पूर्ण दिवसाचे असतात आणि सहा जणांपर्यंत तेवढ्यातच बसतात. आकडा हजार डॉलरच्या पुढे असतो, बघून घाबरायला होतं, पण चारने भागा. दहा अनोळखी लोकांच्या गटात बसण्यापेक्षा माणशी फार जास्त पडत नाही, आणि रांगेत बहुतेक ठिकाणी पुढे सोडतात. पहिले दोन दिवस हे केलंत तर उरलेले दोन दिवस ते आपले आपण फिरतील. या पैशांतला फार थोडा हिस्सा इन्स्ट्रक्टरच्या खिशात जातो, म्हणून टिप द्यायला विसरू नका. हे मी माझ्यासाठी सांगत नाही, तुम्ही युटाला चाललात.

पोकोनोजवाल्या तिघांनीही पहिल्या सकाळी अर्ध्या दिवसाचा धडा घ्यावा. ते नाक मुरडतील. पण अशा लोकांची एकच सवय असते, स्कीची टोकं जवळ आणून पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार करायचा आणि सतत ब्रेक मारत उतरायचं. छोट्या टेकडीवर ते खपतं. तीन मैलांच्या उतारावर पहिल्या मैलातच मांड्या पेटतात. वेग आवरायचा तो वळण पूर्ण करून, स्की जवळजवळ उताराला आडवी होईपर्यंत. हे एकदा पायात बसलं की मग थकवा निम्म्यावर येतो.

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे मागे रेलणं. समोर उतार दिसला की शरीर आपोआप मागे जातं, कारण मेंदूला वाटतं मागे जमीन आहे. पण वजन मागे गेलं की स्कीची पुढची टोकं हलकी होतात आणि हलकी टोकं वळत नाहीत. मग वेग वाढतो, मग माणूस आणखी मागे रेलतो. मराठी विद्यार्थी आला की मी दिवसभर एकच घोष करतो: ‘नडगी दाब!’ नडगी बुटाच्या पुढच्या जिभेला सतत टेकलेली पाहिजे. दुपारपर्यंत नडगी दुखायला लागली तर ती चांगली खूण समजा.

नडगी नको तिथे दुखत असेल तर मात्र बूट बदला. दहातले सहा-सात लोक चुकीच्या बुटामुळे स्कीइंगला शिव्या देतात. उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकायला हवा, गुडघे वाकवले की मागे सुटायला हवा, आणि टाच वर उचलली जाता कामा नये. आत एकच पातळ लोकरीचा मोजा. दोन मोजे घातले की पाय जास्त गार पडतो, कारण रक्त अडतं. थर्मलची विजार बुटाच्या आत खोचायची नाही, तिची घडी संध्याकाळपर्यंत नडगीत रुतते. नवख्यांनी बूट लिफ्टच्या पायथ्याच्या दुकानातूनच भाड्याने घ्यावेत. दोन पैसे जास्त जातात, पण जेवणाच्या सुट्टीत जाऊन बदलता येतात.

आणि त्या दुकानातल्या फॉर्मवर वजन खरं लिहा! हसू नका. वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि तुम्ही कसे स्कीइंग करता यावरून बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) किती जोराला सुटेल ते ठरतं. वजन दहा किलो कमी लिहिलं की स्की चालता चालता निसटते. आणि फुशारकीने ‘मी वेगवान’ या रकान्यात खूण केली की पडल्यावर सुटायला हवी तेव्हा सुटत नाही, आणि गुडघ्याचा लिगामेंट त्याची किंमत मोजतो. बायकांना वजनाचं विचारू नये म्हणतात. माझ्या अनुभवात खोटं पुरुषच लिहितात, दोन्ही रकान्यांत.

कपड्यांबद्दल थोडक्यात. आत सुती काहीही नको, बनियनसुद्धा. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि लिफ्टवर बसल्यावर तोच घाम गोठवतो. जीन्स नको. जाकीट आणि विजार भाड्याने मिळते. हातमोजे, गॉगल आणि थर्मल स्वतःचे घ्या. हेल्मेट घालायचंच. सनस्क्रीन कानाच्या पाळ्यांना आणि नाकाच्या खालच्या बाजूलासुद्धा, कारण बर्फावरून ऊन खालून वर येतं.

जेवण हा आपल्या लोकांचा खरा विषय. आठांत निदान दोन शाकाहारी असतील असं धरतो. डोंगरावरच्या हॉटेलात त्यांना पिझ्झा, फ्राइज आणि चीज यापलीकडे फारसं काही मिळत नाही, आणि जे मिळतं ते वीस-पंचवीस डॉलरला. म्हणून हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेला कॉन्डो घ्या आणि कुणीतरी सामानात कुकर आणा. ७,००० फुटांवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, ब्रेकेनरिजला नव्वदीला. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर रटरटत राहते आणि शिजत नाही. कुकरला दोन शिट्ट्या जास्त द्यायच्या. पहिल्या रात्री मुगाची खिचडी, तूप आणि लसणाची चटणी याच्यापुढे गावातलं कुठलंही महागडं रेस्टॉरंट फिकं आहे. दुपारसाठी धपाटे किंवा गूळपोळी खिशात, आतल्या खिशात, म्हणजे गोठणार नाहीत. लिफ्टवर बसून गूळपोळी खाताना शेजारचा अमेरिकन हमखास विचारतो हे काय आहे. अर्धी द्या.

इथपर्यंतचं ठरलं असं धरू: पार्क सिटी, शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी, दिवाळीपर्यंत पास, दोन दिवस खासगी धडा, कुकर. आता डोंगरावर आठ जणांना सांभाळायचं कसं.

रोज सकाळी एक जागा आणि एक वेळ ठरवा. जागा अशी की जिथे ग्रीन उताराने पोचता येतं, आणि वेळ पावणेबारा. साडेबाराला टेबल मिळत नाही. ‘फोन करू’ यावर विसंबू नका. थंडीत फोनची बॅटरी तासाभरात मान टाकते, म्हणून तो छातीजवळच्या खिशात ठेवा. पट्टीच्या मित्राला सकाळचं सत्र पूर्ण मोकळं द्या आणि बदल्यात दुपारचे दोन तास नवख्यांबरोबर मागून घ्या. फक्त शिकवायचं नाही, सगळ्यांच्या मागे राहायचं आणि पडलेल्यांच्या स्की गोळा करून द्यायच्या. नवख्यांना लिफ्टची भीती वाटत असेल तर चालवणाऱ्याला हात दाखवून ‘स्लो प्लीज’ म्हणायचं, तो लिफ्ट हळू करतो. यात लाज काही नाही.

उतारावरचा मुख्य नियम: जो खाली आहे त्याचा हक्क पहिला. वरून येणाऱ्याला सगळं दिसतं, म्हणून टाळण्याची जबाबदारी त्याची. थांबायचं ते उताराच्या कडेला आणि वरून दिसेल अशा जागी. मराठी मंडळींचा आवडता प्रकार म्हणजे उंचवट्याच्या बरोबर खाली, रस्त्याच्या मधोमध, ग्रुप फोटो. कृपया नको.

पट्टीच्या मित्रासाठी एक गंभीर गोष्ट. ताजा बर्फ पडला की तो झाडांमध्ये शिरायला बघेल. सूचिपर्णी झाडांच्या खालच्या फांद्यांमुळे बुंध्याभोवती पोकळी राहते, वरून फक्त मऊ बर्फ दिसतो. माणूस डोकं खाली करून आत पडला तर स्वतःहून निघता येत नाही आणि काही मिनिटांत गुदमरतो. झाडांत जायचं तर जोडीने, आणि जोडीदार सतत नजरेच्या टप्प्यात. दोरी लावून बंद केलेल्या हद्दीबाहेर तर जायचंच नाही. आतल्या उतारांवर कोसळू शकणाऱ्या हिमकड्यांचा बंदोबस्त स्की पेट्रोलचे लोक सकाळी स्फोट करून करतात, बाहेर कुणी करत नाही.

पुण्याच्या दोघांनी प्रवासविमा काढताना त्यात स्कीइंग धरलंय का ते वाचावं. बऱ्याच पॉलिसींत ते साहसी खेळ म्हणून वगळलेलं असतं, आणि इथे मनगट मोडल्याचं बिल बघून माणसाला दुसरा झटका येतो.

शेवटचा तुमचा प्रश्न, आतापासून काय व्यायाम करावा. भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं रोज दोन-तीन मिनिटं, तुकड्या-तुकड्यांत. पुण्यातल्या दोघांना त्याहून चांगला उपाय आहे, दर रविवारी सिंहगड. चढण्याने दम वाढतो, पण स्कीइंगला लागणाऱ्या मांड्या तयार होतात त्या उतरताना, तेव्हा पायवाटेने सावकाश, गुडघे वाकवून उतरा. वर पिठलं-भाकरी खाऊन जीपने खाली येणं यात धरलेलं नाही.